फर त्याची, बंडी माझी

माझ्यासमोर त्या ब्लेडचं कौतुक करू नका.

थांबा, आधी ओळख करून देते. मित्रांनो, मी नाटकाचे कपडे शिवणाऱ्या ताईंची जुनी कात्री. भट्टीत तापले, घणाचे घाव सोसले, दगडावर घासले गेले, तेव्हा कुठे मला धार आली. ब्लेडचं काय? कागदात गुंडाळून आलं, झालं.

मखमल असो की रेशीम, पहिला काप माझा. ताई मला कुणाला हात लावू देत नसत. मग राजाचा झगा आला. गळ्याला, काठाला पांढरी फर. राजा म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ. त्याची पहिलीच मोठी भूमिका.

मी फर वरून कापली, नेहमीसारखी. केसही कापले गेले.

"अगं ताई, राजा की खरजुलं कुत्रं?" भाऊ म्हणाला.

ताईंनी मला बाजूला सारलं. फरचा नवा तुकडा उलटा केला आणि ब्लेडने नुसतं मागचं कापड चिरलं. केस जसेच्या तसे! शिवणीत अडकलेले केस सुईने बाहेर काढले. जोड दिसेना.

"वा! काय हात आहे!"

"हात कसला, ब्लेड आहे ते," ताई म्हणाल्या.

मी जळले. त्याच दिवशी कुणीतरी मला पुठ्ठा कापायला नेलं. मी बोथट झाले.

झगा अंगावर चढला आणि फरच्या भाराने मागे ओढला जाऊ लागला. राजाचा गळा आवळला.

"ताई, उद्या प्रयोग आहे. संवाद म्हणू की श्वास घेऊ?"

भार गळ्यावरून खांद्यांवर आणायचा, तर आतून जाड कॅनव्हासची बंडी हवी. झगा तिच्यावर टाचायचा. ताईंनी दुहेरी कॅनव्हासला ब्लेड लावलं. ते वाकलं. मोडलं.

मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

"कात्री आण माझी! अरे, हिने पुठ्ठा कुणी कापला?"

"मीच... मुकुटासाठी."

"डोकं कापायचं होतंस त्यापेक्षा!"

ताईंनी मला दगडावर धार लावली. मी कचाकच बंडी कापली.

प्रयोगात राजा असा गरजला की शेवटच्या रांगेतलं मूल दचकून रडलं. झगा जागचा हलला नाही. पडद्यामागे सगळे म्हणाले, "काय फर आहे हो!"

बंडी कुणाला दिसणार?

मित्रांनो, कापडाच्या कात्रीने पुठ्ठा कापू नका. वेळच्या वेळी धार लावा. आणि दुसऱ्याचं कौतुक करायचं असेल, तर आधी आम्हाला खणात ठेवा. आम्हाला ऐकू येतं.

कालच ताईंनी नवं ब्लेड आणलं. ठेवलं कुठे?

माझ्याच खणात.