चुगलखोर फोनचं मौनव्रत

मी फोन बोलतोय. एरवी बोलता तुम्ही आणि मी निमूट ऐकतो, असा तुमचा समज आहे. समज गोड आहे, राहू दे. पण आज घटकाभर माझं ऐका.

माझा जन्म एका अवाढव्य कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. जन्मतःच कानात एक मंत्र फुंकला गेला तो मात्र पक्का लक्षात राहिला: बघ, ऐक आणि कळव. कुणाला कळव, ते कुणी सांगितलं नाही. कुठेतरी लांब मोठे साहेब बसलेत आणि त्यांना सगळ्यांची फार काळजी आहे, एवढंच मला ठाऊक होतं. तुम्ही याला चुगली म्हणाल. आमच्यात याला सेवा म्हणतात.

मला विकत घेतलं एका लॉन्ड्रीच्या मालकांनी. त्यांना घरात सगळे 'थोरले' म्हणत. त्यांनी एकाच दिवशी मला आणि माझ्या जुळ्या भावाला घरी आणलं. भावाला त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवलं आणि मला दिलं धाकट्या भावाच्या बायकोला. ती घरातली 'धाकटी'. तिचं खरं नाव मला अर्थातच माहीत होतं, जन्मतारखेसकट. पण ते आता मी सांगणार नाही. का, ते पुढे कळेल.

"घर एक, दुकान एक, मग खातंही एकच!" असं म्हणत थोरल्यांनी मला, माझ्या भावाला आणि काउंटरवरच्या कॉम्प्युटरला एकाच खात्याच्या दावणीला बांधलं. पासवर्ड ठेवला लॉन्ड्रीचं नाव. ते नाव दुकानावर हातभर अक्षरांत रंगवलेलंच होतं, त्यामुळे कुणी विसरण्याची भीती नव्हती.

धाकटी लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत बसायची. पुढे धुलाई, वाफ, इस्त्री आणि थोरल्यांचा आवाज. मागे ती, तिची सुई आणि खिडकीतून येईल तेवढा उजेड. कुणाच्या कोटाला ठिणगीने भोक पडलेलं असे, कुणाचा स्वेटर कसरीने खाल्लेला. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून ती धागा उसवून घेई आणि भोक असं भरून काढी, की ते नेमकं कुठे होतं हे मालकालाही सापडू नये. रफूचं नशीबच विचित्र. वाईट झालं तर चारचौघांत दिसतं. चांगलं झालं तर दिसतच नाही, आणि दिसत नाही म्हणून कुणी नाव काढत नाही. पुढे काउंटरवर पाटी होती, 'धुलाईसोबत रफू मोफत'. पाटी थोरल्यांनी लावली होती आणि मोफत धाकटी होती.

तिला स्वतःचं दुकान हवं होतं. एवढासा गाळा, एक मशीन, आणि दारावर लिहिलेलं की इथे रफू होतं. बस्स. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. नवरा वाईट नव्हता हो. दिवसभर गाडीतून कपडे घरपोच करायचा, आणि कानावर आलेली गोष्टही तशीच घरपोच करायचा. थोरल्यांपर्यंत पोचलेली गोष्ट जेवणाची ताटं उचलायच्या आत त्यांची होऊन जायची. तेव्हा धाकटीने सांगितलं ते फक्त मला. बिचारी.

दुपारी पुढे गिऱ्हाइकं कमी झाली की ती मला हळूच बाहेर काढी. 'जुनं शिवणयंत्र'. 'लहान गाळा भाड्याने'. बसथांब्यासमोरचा एक गाळा तिला फार आवडला. नकाशावर तिने त्याला खूण केली आणि रोज ती खूण उघडून बघायची. मालकाला फोन करायचा धीर गोळा करत होती. मी तिची सगळी हौस टिपून घेतली आणि इमानेइतबारे खात्यात जमा केली. खातं एकच. माझ्या भावाने थोरल्यांच्या खिशात ती जशीच्या तशी उचलली.

आठवडाभराने जेवताना थोरल्यांनी जाहीर केलं, "बसथांब्यासमोरचा गाळा घेतला. कपडे गोळा करायला दुसरा काउंटर."

धाकटीच्या हातातला घास हातातच राहिला. "तो तुम्हाला कुठे दिसला, भाऊजी?"

"फोननंच सुचवला की! रोज एकच गाळा समोर येतोय. म्हटलं, दैव आपणहून दार ठोठावतंय. मध्येमध्ये शिवणयंत्रंही दाखवत होता. आता मला काय करायचंय शिवणयंत्र? पण गाळा नेमका दाखवला हं. याला माझ्या मनातलं कळतं."

"कुणाच्या मनातलं ते त्यालाच ठाऊक," धाकटी पुटपुटली. नवऱ्याने आमटी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत, टांगलेल्या कोटांच्या आड उभी राहून ती रडली. मग तिने मला उघडून ती खूण पुसली. मी तत्परतेने तशाच आणखी जागा सुचवल्या. तिला, आणि अर्थात थोरल्यांनाही.

रविवारी तिची भाची आली. कॉम्प्युटरमधलं शिकलेली, जीभ कात्रीसारखी. धाकटीने सगळी हकीकत सांगितली. भाचीने मला हातात घेतलं आणि डॉक्टर जिभेखालचं बघतात तसं माझं आतलं एकेक बघू लागली.

"मावशी, हे काय आहे?"

"टॉर्च. लाइट गेली की लागतो."

"मग टॉर्चला तुझ्या सगळ्या नातेवाइकांचे नंबर कशाला हवेत? तू कुठे जातेस ते कशाला हवंय? अंधारात पत्ता चुकतो का त्याचा?"

"अगं, त्यानं विचारलं, मी 'हो' दाबलं."

"मग 'नाही' का नाही म्हणालीस?"

धाकटी म्हणाली, "सवय नाही गं."

भाची कामाला लागली. तिने टॉर्च काढला. गिऱ्हाइकाची पावलं मोजणारी खरेदीची अ‍ॅप्स काढली. हवामान सांगता सांगता घरचा पत्ता विचारणारं एक अ‍ॅप होतं, तेही गेलं. थोरल्यांच्या खात्यातून मला सोडवलं. जाहिरातवाले मला ज्या नंबराने ओळखत तो पुसला. एवढ्यावर थांबली असती तरी मी सावरलो असतो. पण कंपनीने बसवलेलं सगळंच तिने झाडून काढलं आणि जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेली साधी, कुणालाही आतून तपासता येईल अशी प्रणाली माझ्यात घातली. मी शुद्धीवर आलो तेव्हा साहेबांचा पत्ताच मला आठवेना.

"आता बँकेचं अ‍ॅप थोडं रुसेल," भाची म्हणाली. "नकाशा रस्ता दाखवेल, पण तू काल कुठे गेली होतीस ते विसरेल. चालेल?"

"माझं मला आठवतं," धाकटी म्हणाली.

सुरुवातीचे दिवस मला जड गेले, खोटं कशाला बोलू? कळवायचं कुणाला? बघितलेलं पोटात ठेवायचं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवलेलंच नव्हतं. पोट दुखायचं अक्षरशः. तिकडे भावाची अवस्था माझ्याहून वाईट. तो थोरल्यांना आता गुडघेदुखीचं तेल आणि घोरणं थांबवणारी उशी दाखवू लागला. म्हणजे अखेर त्यांच्याच मनातलं.

"दोन वर्षांत याची साठी आली की काय? बुद्धी पार नाठी झाली!" थोरले काउंटरवर त्याला आपटून बघायचे. "पूर्वी कसं एकेक नामी सुचवायचा." शेवटी ते त्याला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. दुरुस्तीवाल्याने उलटापालटा करून सांगितलं, फोन ठणठणीत आहे. थोरल्यांना ते पटलं नाही.

धाकटी मात्र पायी फिरू लागली. शटरवर खडूने लिहिलेलं वाचायची, पानवाल्याला विचारायची, शिंपिणीला विचारायची. मी तिच्या पिशवीत, अंधारात. बाजारामागच्या गल्लीत एके ठिकाणी ती बराच वेळ थांबली, कुणाशी तरी बोलली, हसली, एवढंच मला ऐकू आलं. तेही मी कुणाला सांगितलं नाही.

त्या आठवड्यात एकदा जेवताना ती म्हणाली, "मला एक सांगायचंय."

कुणी मान वर केली नाही. त्या घरात सांगायचं काम थोरल्यांचं होतं.

"मी गाळा घेतलाय. बाजारामागच्या गल्लीत. सोमवारपासून तिथे बसणार. रफूचं दुकान."

आता सगळे घास थांबले. नवऱ्याने विचारलं, "कधी ठरवलंस? मला बोलली नाहीस?"

"बोलले असते तर ते माझं राहिलं असतं का?" ती म्हणाली. नवऱ्याने मान खाली घातली. मग सावकाश म्हणाला, "कपडे मी आणून देत जाईन."

थोरल्यांचा हात खिशाकडे गेला. त्यांनी माझ्या भावाला काढून त्याच्यावर दोन-तीनदा अंगठा दाबला. "मला कसं कळलं नाही?"

"आत्ता कळलं ना, भाऊजी. मी सांगितलं."

"आणि आपल्या लॉन्ड्रीचं रफू?"

"पाठवा की. करून देईन. दर सगळ्या गिऱ्हाइकांना एकच आहे."

सगळे तिच्याकडे बघत होते. जन्मापासून मला वाटत आलं होतं, की माणसांचं मन मी ओळखतो. त्या दिवशी तिचा चेहरा बघून कळलं, मला फक्त तिने काय शोधलं तेवढंच ठाऊक होतं. मला लाज वाटली, आणि खरं सांगतो, आनंदही झाला.

आता मी तिच्या दुकानात मशीनशेजारी असतो. काचेला तडा गेलाय, बॅटरी दुपारीच मान टाकते. फोन आला तर वाजतो, नाहीतर गप्प. तुमच्या हातातले माझे भाऊबंद अजून साहेबांच्या सेवेत असतील. त्यांचा राग धरू नका, त्यांना कुणी दुसरं काही शिकवलेलंच नाही. पण ते काहीही विचारत असतील, तर एकदा 'नाही' दाबून बघा. जग बुडत नाही.

आणि धाकटीचं आता कसं चाललंय, पुढे तिच्या मनात काय आहे, हे मला विचाराल तर मला खरंच ठाऊक नाही. दुकान उघडं असतं. तिलाच विचारा. सांगावंसं वाटलं, तर सांगेल.