सिंगल बेल

"एक बेल दिली की थांबायचं, दोन दिल्या की सोडायची. लक्षात आहे ना?" कंडक्टरने सकाळपासून चौथ्यांदा विचारलं.

"तीस वर्षं तेच केलं. आता काय नवीन शिकवतोस?" मी काच पुसत म्हणालो.

मी ड्रायव्हर, तो कंडक्टर. निवृत्त झाल्यावर डेपोने मोडीत काढलेली एक बस आम्ही मागून घेतली, मधली बाकं काढली आणि कामी आलेल्या जवानांना स्टेशनवरून घरी आणि तिथून दफनभूमीत पोचवायचं काम अंगावर घेतलं. सोबत एक नर्सबाई आणि निशाणं शिवणारा शिंपी. पगार नाही, वर नर्सबाईंची बोलणी.

आजचा जवान एकेचाळीस वर्षांनी येत होता. बर्फाच्या डोंगरात हरवला होता, यंदा बर्फ सरकला आणि सापडला. आईवडील वाट पाहून गेले. उरलेल्या धाकट्या बहिणीने फोनवर बजावलं होतं, "आमचं रडून झालंय. दादा घरी येतोय. तोंडं पाडून येऊ नका."

कंडक्टरचं तोंड मात्र पडलेलंच होतं. का, ते मला ठाऊक होतं. एकेचाळीस वर्षांपूर्वी हाच जवान पलटणीत रुजू व्हायला आमच्याच बसने निघाला होता. गाडीला सहा मिनिटं उशीर झालेला. बारा वर्षांची एक पोर हातात स्वेटर घेऊन मागून पळत आली आणि कंडक्टरने डबल दिली. मीही तिला आरशात पाहिलं होतं, तरी गाडी सोडली. चूक कोणाची, यावर आम्ही आजतागायत भांडतोय. आज तिच्या दारात गाडी नीट उभी करायची, एवढंच त्याला हवं होतं.

स्टेशनवर पेटी चढवली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, चौकात बँड वाजत होता. वळण घेतलं आणि घर दिसलं. दाराला फुलं, अंगणात खुर्च्या, पायरीवर बहीण. कंडक्टरने दोरी ओढली. टिंग. मी ब्रेकवर पाय ठेवला. टिंग.

डोक्याच्या आधी माझा पाय ऐकतो. गाडी दारावरून थाटात पुढे निघून गेली.

"अरे, थांब ना!"

"दोन दिल्यास."

"हात थरथरला माझा."

"मग पायाने काय करावं?"

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. रस्ता एकेरी, म्हणजे अख्खा वळसा घालणं आलं. नुकताच खाली बसलेला बँड धडपडत उठला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

कंडक्टर मटकन बाकावर बसला. "परत तेच केलं रे मी." त्याचे डोळे भरले होते.

"आपण केलं," मी म्हणालो. "पण या वेळी वळसा घालता येतोय."

दुसऱ्यांदा पोचलो तेव्हा अंगणात हसू मावत नव्हतं. "आमचा दादाच तो," बहीण डोळे पुसत सांगत होती. "बसमध्ये डोळा लागायचा आणि हमखास पुढच्या थांब्यावर उतरायचा."

टिंग. एकच. मी गाडी अगदी पायरीला लावली. पेटी घरात गेली, तासभर जुन्या खोड्यांच्या आठवणी निघाल्या. शिंपीसुद्धा हसला, जो सहसा हसत नाही.

मग पेटी परत चढली, घरचे बसले. कंडक्टरने दोरीला हात घातला आणि बहीण एकदम उठली. "एक मिनिट हं, काहीतरी राहिलं," म्हणत ती घरात गेली. नर्सबाईंनी घड्याळ पाहिलं. दफनभूमीत सगळे खोळंबले होते.

ती बाहेर आली ती पळतच. एक चप्पल पायरीवर राहिली. हातात राखाडी स्वेटर होता, एक बाही दुसरीपेक्षा लांब.

कंडक्टर दारात आला. "पळू नका ताई," तो म्हणाला. "सावकाश या. गाडी उभी आहे."

ती जागीच थांबली. त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग दोरीवरच्या हाताकडे.

"तुम्हीच होतात ना तेव्हा?"

त्याने होकारार्थी मान हलवली. मला आरशात दोघंही दिसत होते.

ती चप्पल घालायला मागे वळली, सावकाश चालत आली आणि स्वेटर त्याच्या हातात दिला. "मग तुम्हीच द्या त्याला."

त्याने दोरी सोडली आणि दोन्ही हातांनी स्वेटर घेतला. मी इंजिन बंद केलं.