लहरींची घरं

मांजरीचं काळीज थांबलं, तरी पडद्यावर लहरी उमटतच राहिल्या, तेव्हा फुमिए कुवाबाराच्या तोंडचं पाणी पळालं.

कानाझावाच्या त्या प्रयोगशाळेत तीन वर्षं ती एकाच प्रश्नाला चिकटून होती. लाउडस्पीकरमधून टिक् टिक् आवाज सोडायचा. मांजरीच्या डोक्याच्या कातडीत टोचलेल्या सुया विजेची बारीक थरथर टिपायच्या, आणि तिचा सहकारी माकिता याचं यंत्र अशा हजारो थरथरींची सरासरी काढून पडद्यावर पाच लहरी दाखवायचं. कानात शिरलेला आवाज मेंदूच्या देठातून वर चढतो. त्या वाटेवर प्रत्येक लहरीचं आपलं घर आहे, असं फुमिएचं म्हणणं. मांजरीच्या मेंदूतलं एकेक घर जाळायचं आणि कुठली लहर बुडते ते बघायचं, हा तिचा उद्योग. हे खरं ठरलं, तर उद्या डॉक्टर कवटी न उघडता सांगू शकेल की कीड नेमकी कुठे लागली आहे.

तिच्या प्रोफेसरांना ते पटत नव्हतं. "निसर्ग काय तुमच्या सोयीनं घरं वाटतो?" असं ते चारचौघांत म्हणाले होते. आज शेवटची मांजर होती आणि शेवटची लहर, पाचवी. ती बुडाली तर प्रबंध तरला, नाहीतर तीन वर्षं पाण्यात.

फुमिएनं पाचवीचं घर जाळलं. तिनं आणि माकितानं चहा घेतला, पुन्हा आवाज सोडला. पाचवी बुडाली नाही, जराशी उशिरा आली एवढंच. तिचा धीर सुटला. हरल्यासारखं वाटून तिनं मांजरीला शेवटचं औषध दिलं आणि मान फिरवली, तर पडद्यावर पाचही लहरी तशाच.

"माकितासान, यंत्रात जुनं काही अडकलंय का?"

माकितानं हे यंत्र स्वतः जुळवलं होतं. "मघाशीच पुसलंय. हे ताजं आहे." त्यानं मांजरीकडे पाहिलं. "रागावू नका, कुवाबारासान, पण आज सुरुवात करण्याआधी तुम्ही मांजरीपुढे नेहमीसारखे हात जोडले नाहीत."

"जोडले होते!"

"मी तरी नाही पाहिले. माझी आई म्हणायची, मांजर मारली की सात पिढ्या डूख धरते."

"मग तुमच्याही यंत्रावर धरेल. बोलत काय बसलात, आवाज बंद करा."

त्यानं आवाज बंद केला. रेघ सपाट झाली. चालू केला, पाचही लहरी हजर. बाहेर बर्फ पडण्याआधी गडगडतं तसं आभाळ गडगडलं.

"विचारलं की उत्तर देते हो," माकिता कुजबुजला. "मेलेली मांजर ऐकतेय."

फुमिएनं मांजरीच्या डोक्याला हात लावला. ते गार पडत चाललं होतं. तिनं एकेक सुई उपटून काढली. पडद्यावर काहीही फरक पडला नाही. आता तिला खरोखर भीती वाटली, लहान मुलीला वाटते तशी. घाम पुसायला तिनं टोपीखाली हात घातला आणि बोटांना चिकट मलम लागलं.

"अगं बाई!"

जनावराला सुया टोचण्याआधी स्वतःच्या डोक्याला तारांच्या चकत्या मलमानं चिकटवून यंत्र तपासायचं, हा तिथला शिरस्ता. सकाळी तपासून झाल्यावर त्या चकत्या आणि तारा काढायच्या ती विसरली होती. आणि यंत्राचा खटका 'जनावर'वरून 'माणूस'वर सरकला होता; म्हणजे इतका वेळ दिसत होत्या त्या तिच्याच लहरी.

"चहाचा पेला ठेवताना माझंच कोपर लागलं असणार," माकितानं कान पकडले.

डोळ्यांत पाणी येईपर्यंत दोघं हसली. मग फुमिएचं लक्ष टेबलाकडे गेलं. मांजर फुकट मेली होती. पाचवीचं उत्तर तिच्याबरोबरच गेलं होतं, आणि याचं तिला मनापासून वाईट वाटलं.

"आता तुमच्याच दोन्ही कानांचं चित्र काढू," माकिता तिची समजूत घालत म्हणाला. "प्रबंधाच्या पहिल्या पानावर लावा. प्रोफेसर मांजर समजतील."

सकाळच्या तपासणीत कानावर बसवायचा छोटा कर्णा नेहमी उजव्याच कानाला लावायचे. माकितानं आधी उजवा घेतला. पाच लहरी, सुरेख. मग डावा.

पहिली लहर आली. पुढे काहीच नाही.

"कर्णा नीट बसला नसेल. ऐकू येतंय ना?"

"येतंय की. स्वच्छ."

त्यानं कर्णा दाबून बसवला, तारा बदलल्या, चकती हलवून पुन्हा चिकटवली. पहिली लहर, आणि पुढे सपाट रेघ.

हे चित्र फुमिएच्या ओळखीचं होतं. कानातून निघालेली नस देठाला पोचण्याआधी कापली की असंच दिसायचं. किती मांजरींत तिनं ते स्वतःच्या हातानं घडवलं होतं. इथे कुणी सुरी चालवली नव्हती. तिच्याच डोक्यात तिथे काहीतरी वाढत होतं आणि नस दाबत होतं. जागा तिला बोटानं दाखवता आली असती.

"यंत्र बिघडलंय," माकिता तिच्याकडे न बघता म्हणाला.

"माकितासान, प्रोफेसर म्हणतात ते बरोबर असू शकेल ना? लहरींना घरंबिरं काही नसतील?"

माकिता पुन्हा तारा तपासू लागला. तीन वर्षं तो तिच्याच बाजूनं भांडत आला होता.

"बोला ना," ती म्हणाली. "म्हणा, 'तुमचं चुकलं, कुवाबारासान.'"