पट्टा सुटल्याची खूण

बुद्धरत्नने बूट काढले, नाड्या एकमेकींना बांधून ते गळ्यात अडकवले आणि अनवाणी पळू लागला. माळव्यातली काळी माती एकदा बुटाच्या तळाला चिकटली की सुटत नाही. दर दहा पावलांना बुटाचं वजन वाढत जातं आणि शेवटी माणूस पळतोय की नांगरतोय हेच कळेनासं होतं. मागून येणाऱ्या लक्ष्मीकांतला त्याने हातानेच सांगितलं, काढून टाक. लक्ष्मीकांतने नकारार्थी मान हलवली. त्याचे बूट नवे होते, आणि नव्या वस्तूचा सोस त्याला लहानपणापासून होता.

सकाळपासून पाऊस थांबला नव्हता. महूच्या पलीकडच्या डोंगरात चौदा किलोमीटरची शर्यत, पंचवीस संघ, प्रत्येकात तिघे. पीथमपूरच्या एका नव्या कारखान्याने ती ठेवली होती. कारखान्याला स्वतःचा धावण्याचा संघ उभा करायचा होता आणि जो संघ पहिला येईल, त्यातल्या तिघांनाही कायमची नोकरी मिळणार होती. अट एकच. संघाचा तिसरा माणूस पोचेल ती संघाची वेळ. त्यांच्या संघातला चांगदेव चाळिशीतही हरणासारखा पळत होता, पण त्याचा उपयोग काय? सगळी भिस्त सगळ्यात मागे राहणाऱ्या लक्ष्मीकांतच्या सुटलेल्या पोटावर होती.

तिघेही एकाच मिलमधले. मिलच्या फाटकाला कुलूप लागून दोन पावसाळे उलटले होते. बुद्धरत्न आणि चांगदेव सांचाखात्यात, म्हणजे जिथे कापड विणणारे माग चालतात तिथे, सतरा वर्षं शेजारी शेजारी उभे होते. लक्ष्मीकांत ऑफिसात हजेरी मांडायचा. आता तो तुकोगंजात एका डॉक्टरांकडे पेशंटांचे नंबर पुकारत होता, चांगदेव पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये लोखंड कापत होता, आणि बुद्धरत्न काहीच करत नव्हता. मध्ये एका गोदामावर चौकीदारी मिळाली होती. मागून आलेल्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला नाही म्हणून आठव्या दिवशी ती गेली. तेव्हापासून घर गिरिजाच्या शिवणयंत्रावर चालू होतं, आणि ते यंत्र चालू आहे की बंद, हे त्याला तिच्या पायांकडे बघूनच कळायचं.

हीच त्याची लपवलेली गोष्ट. दोनशे मागांच्या धडधडाटात सतरा वर्षं काढली की कान मिललाच देऊन टाकावे लागतात. चांगदेवचेही अर्धेअधिक गेले होते. सांचाखात्यात त्याचं कुणाला काही वाटत नसे, कारण तिथे कान असले काय आणि नसले काय सारखंच. ओठ वाचायचे आणि हाताने बोलायचं. बाहेर आल्यावर मात्र बहिरा तो बहिराच. या शर्यतीचा अर्ज भरताना ‘श्रवण’ असा एक रकाना आला, तेव्हा लक्ष्मीकांतने आपल्या मोत्यासारख्या अक्षरात दोघांच्याही अर्जावर ‘उत्तम’ लिहून टाकलं. वर एक युक्तीही काढली. कुणी काही विचारलं तर तो मागे उभा राहणार. पाठीत बोट एकदा टोचलं की ‘हो’, दोनदा टोचलं की ‘नाही’. एवढ्या भांडवलावर नावनोंदणी पार पडली होती. कारखान्याच्या स्मिता मॅडम पुण्याहून आलेल्या आणि बारीकसारीक विचारणाऱ्या होत्या, पण त्यांनाही संशय आला नव्हता. जिंकल्यावर डॉक्टरी तपासणी होईल त्याचं काय, असं बुद्धरत्नने विचारलं होतं.

“डॉक्टर लोकांचं मी बघतो ना भिया,” लक्ष्मीकांत म्हणाला होता. “तू फक्त दौड.”

चढ संपला तेव्हा ते तिसऱ्या नंबरवर होते. वाट इथे दरीच्या कडेने वळत होती. बुद्धरत्नने सहज उजवीकडे पाहिलं आणि त्याचे पाय आपोआप मंदावले. समोरच्या कड्यावरून सात-आठ धबधबे कोसळत होते. ढग त्याच्या पायाखालून चालले होते आणि मध्येच फाटून खालचं हिरवं रान दाखवत होते. घरापासून तासाभराच्या अंतरावर हे सगळं एवढी वर्षं होतं, आणि आपण कापसाच्या उडत्या तंतूंत उभे होतो, या विचाराने त्याला गलबलून आलं. त्याचे आजोबा महूच्या पलटणीत होते. पावसातल्या डोंगराला आधी सलाम ठोकावा आणि मग चढावं, असं ते म्हणायचे. म्हाताऱ्याची लहर म्हणून घरात सगळे हसायचे. आत्ता बुद्धरत्नचा हात कपाळापर्यंत गेला आणि मागे लक्ष्मीकांत आहे हे आठवून त्याने नुसतं पाणी पुसल्यासारखं केलं.

खाली नाला होता. तो ओलांडला की अडीच किलोमीटरवर शेवट. पलीकडच्या काठावर झाडाखाली टेबल मांडून स्मिता मॅडम छत्रीत बसल्या होत्या आणि पार होणाऱ्यांचे नंबर टिपत होत्या. चांगदेव केव्हाच पलीकडे पोचून त्या टेबलाशी यांची वाट बघत कमरेवर हात ठेवून उभा होता. पुढचा संघ नुकताच पाण्यात उतरला होता. महूच्या कॉलेजची तीन पोरं, आणि त्यांच्यामागे आणखी एका संघातले दोघे. पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत होतं. एकमेकांचे हात धरून ते दगडांवरून सावकाश सरकत होते. लक्ष्मीकांतने जरा जोर लावला असता, तर त्यांना काठावरच गाठता आलं असतं.

पण लक्ष्मीकांत थांबला होता. त्याने बुद्धरत्नचा खांदा धरून त्याला स्वतःकडे वळवलं.

“काहीतरी येतंय,” त्याचे ओठ म्हणाले. “मालगाडीसारखं. इथे रेल्वे आहे का रे?”

रेल्वे नव्हती. बुद्धरत्नने नाल्याच्या वरच्या अंगाला पाहिलं. ते दोघे उंचावर होते म्हणून त्याला वळणाच्या पलीकडचं दिसलं. तिथलं पाणी नेहमीसारखं वाहत नव्हतं. ते उभं होतं. तपकिरी रंगाची भिंत झाडं, ओंडके, काटे सगळं पुढ्यात घेऊन वळणाकडे येत होती. खालच्या लोकांना त्यातलं काहीच दिसत नव्हतं.

लक्ष्मीकांत ओरडू लागला. त्याच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, पण पाण्यातल्या एकानेही मान वळवली नाही. पाऊस आणि धबधबे यांच्यापुढे तुकोगंजात नंबर पुकारणारा तो खणखणीत गळा काही कामाचा नव्हता. बुद्धरत्न एका खडकावर चढला आणि चांगदेवकडे बघत उभा राहिला.

सांचाखात्यात एक रीत होती. हात कितीही कामात असले, तरी दर चार श्वासांनी मान वर करून जोडीदाराकडे बघायचं. हाक ऐकू येत नाही, तेव्हा नजर तरी जागेवर पाहिजे. ही सवय इतकी अंगात मुरते की घरी जेवतानाही मान वर होत राहते. कुणाला शोधता आहात, असं म्हणून गिरिजा चिडवायची. मिल बंद होऊन दोन वर्षं झाली होती. चांगदेवची सवय गेली असेल का?

एक श्वास. दोन. चांगदेव टेबलाकडे वळला, मॅडमना काहीतरी बोलला. तीन. मग त्याने मान वर केली.

बुद्धरत्नने उजवा हात डोक्यावर चाबकासारखा फिरवला आणि दोन्ही हात बाजूला फेकले. मागाला फिरवणारा चामड्याचा पट्टा तुटला की तो सुटलेल्या सापासारखा खात्यात फटके मारत फिरतो, माणसाचा हात घेऊन जातो. तेव्हाची ही खूण. पट्टा सुटला, सगळे लांब व्हा. या खुणेला कुणी ‘काय’ म्हणून विचारत नाही.

चांगदेवनेही विचारलं नाही. तो सरळ पाण्यात शिरला. पहिल्या पोराला मनगटाला धरून त्याने काठाकडे भिरकावलं, दुसऱ्याची कॉलर पकडली. मॅडम छत्री टाकून धावल्या आणि पाण्यात उतरून त्यांनी तिसऱ्याचा हात धरला. मागचे दोघे अजून मधल्या दगडावर गोंधळून उभे होते. चांगदेव पुन्हा आत गेला, दोघांच्या कमरेला मिठी घालून त्याने त्यांना फरफटत आणलं आणि पाचही जण चिखलात आडवे झाले.

मग ते आलं.

बुद्धरत्नला ते ऐकू आलं नाही. ते त्याला पायांतून कळलं. खडक थरथरला, आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या तळव्यांतून, नडग्यांतून, छातीतून ती जुनी धडधड चढत गेली. दोनशे माग एकदम सुरू झाल्यासारखी. त्याच्या डोळ्यांपुढून एक आख्खं झाड मुळांसकट उभंच्या उभं गेलं. मघाशी ज्या दगडावर मागच्या संघातले ते दोघे उभे होते, तो दगड आता कुठे होता हे सांगताही आलं नसतं. एवढं मोठं काहीतरी त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्याला भीती वाटायला हवी होती, पण त्याला वाटत होतं ते वेगळंच. या पाण्याला कुणाची गरज नव्हती, कुणाचा रागही नव्हता. त्याच्यापुढे मिल काय आणि कारखाना काय. या वेळी त्याने लक्ष्मीकांतची पर्वा केली नाही. सरळ उभं राहून हात कपाळाला लावला. लक्ष्मीकांत शेजारीच होता. तो हसला नाही.

शर्यत तिथेच संपली. पाणी उतरायला तास-दीड तास लागणार होता, आणि कारखान्याच्या माणसांनी हाताने फुली करून रद्दची खूण केली. दोन काठांवर दोन घोळके भिजत बसून राहिले. बुद्धरत्न आणि चांगदेव मात्र पाण्यावरून आरामात गप्पा मारत होते. कुणाला लागलं का? एकाचं ढोपर फुटलंय. तुझं? माझी चप्पल गेली. चांगदेव चप्पल घालून पळत होता हे बुद्धरत्नला तेव्हा कळलं.

मॅडम कितीतरी वेळ दोघांच्या हातांकडे बघत होत्या. मग त्यांनी चांगदेवला काहीतरी विचारलं. त्यांची पाठ या बाजूला होती. चांगदेवचा चेहरा मात्र पूर्ण दिसत होता. त्याने छाती पुढे काढली.

“ही आमच्या सांचाखात्याची बोली आहे, मॅडमजी,” चांगदेवचे ओठ म्हणाले. “तिथे कानाशी तोफ वाजली तरी कळत नाही. म्हणून सगळं हातानं. दहा साल काम केलं ना, की मग बाहेर पण ऐकू येत नाही. माझे तर आधे गेले. आणि तो समोर बसला आहे ना, बुद्धरत्न, तो पूरा बहिरा. पण इथून तुम्ही काय बोलले ते अक्षर न् अक्षर सांगेल तुम्हाला.”

बुद्धरत्नला ते अक्षर न् अक्षर कळलं. मध्येच हात उचलून ‘गप’ अशी खूण करता आली असती. एका क्षणाचं काम होतं, पण हात उचलला गेला नाही. तो चांगदेवच्या चेहऱ्याकडे बघतच राहिला. मिल बंद झाल्यापासून त्या कामाबद्दल लोक फक्त हळहळायचे. गेट मीटिंगा, कोर्टाच्या तारखा, सुस्कारे. कुणी इतक्या ऐटीत सांगितलेलं त्याने दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याला राग आला नाही. त्याला अभिमान वाटला, आणि नोकरी गेली हेही त्याच वेळी कळलं.

मॅडम वहीवर वाकल्या. तेव्हा कुठे चांगदेवच्या लक्षात आलं. त्याने तोंडावर हात ठेवला, मग कपाळावर मारून घेतला, आणि पाण्यापलीकडे बघत दोन्ही कान पकडले.

बुद्धरत्नने दोन्ही हातांची चिमूट करून अंगठे एकमेकांवर फिरवले. खात्यात याचा अर्थ, धागा तुटला, सांधला, चालू दे.

“काय बोलतोय चांग्या?” लक्ष्मीकांतने विचारलं.

“काही नाही,” बुद्धरत्न म्हणाला. “आपली तारीफ करतोय.”

दुपार कलली तेव्हा पाणी उतरलं आणि दोर बांधून सगळ्यांना पार केलं. चांगदेव लांब एका झाडाखाली मान खाली घालून उभा होता, जवळ आला नाही. मॅडमनी पुन्हा छत्री धरली होती. त्यांच्यापुढे प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेले अर्ज होते. बुद्धरत्नचा अर्ज त्यांनी वर काढला. लक्ष्मीकांत ठरल्याप्रमाणे त्याच्या मागे येऊन उभा राहिला.

मॅडमनी कागदावर वाकूनच काहीतरी विचारलं. छत्रीखाली चेहऱ्याऐवजी फक्त केसांचा भांग दिसत होता. कागद भिजू नये म्हणून त्या वाकल्या होत्या की आणखी कशासाठी, ते त्याला कळलं नाही.

पाठीत बोट टोचलं. एकदाच.

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. मॅडम ते मान्य करतील, पुढचा कागद घेतील, असंही त्याला का कोण जाणे वाटलं. त्याने क्षणभर वाट पाहिली. बोट पुन्हा एकदा टोचलं, जरा जोरात.

“मॅडम,” तो म्हणाला, “वर बघून विचारा. मला ऐकू येत नाही.”

पाठीवरचं बोट जागच्या जागी थिजलं.

मॅडमनी मान वर केली. मग त्यांनी छत्री मिटली आणि बाजूला ठेवली. पाऊस त्यांच्या चष्म्यावर पडू लागला. लोक अशा वेळी ओरडून बोलतात, तोंड वेडंवाकडं करून बोलतात. त्या नेहमीसारख्याच बोलल्या.

“मी विचारलं, तुम्हाला नीट ऐकू येतं ना?”

बुद्धरत्न हसला. उत्तर आधीच देऊन झालं होतं.

त्याही किंचित हसल्या. मग पेन काढून त्यांनी ‘उत्तम’ या शब्दावर एक रेघ मारली. ‘श्रवण’च्या रकान्यात आता जेमतेम बोटभर जागा उरली होती. थोडा वेळ त्या नाल्याकडे बघत राहिल्या. मग तिथे बारीक अक्षरात काहीतरी लिहून त्यांनी कागद त्याच्याकडे फिरवला.

‘डोळ्यांनी’, असं लिहिलं होतं.

“तपासणी बुधवारी आहे,” त्या म्हणाल्या, चेहरा वर ठेवून. “डॉक्टरांपुढे हाच कागद ठेवू. पुढचं माझ्या हातात नाही. चालेल?”

लक्ष्मीकांतने मागून वाकून कागद वाचला. त्याचं बोट अजून बुद्धरत्नच्या पाठीवरच होतं. त्याने ते एकदा टोचलं.