आठ खिळे

थोरल्याचं लग्न झालं त्याच वर्षी राजा गेला. म्हणजे वारला नाही. गादी सोडून बायकापोरांसह बोटीत बसला आणि परदेशी निघून गेला. लग्नाचा मांडव उतरवून आठवडा झाला नव्हता, तोच कचेरीचा कारकून थोरल्याच्या बापाच्या तसबिरींच्या दुकानात आला. प्रत्येक सरकारी खोलीतला राजा उतरवायचा होता आणि तिथे राष्ट्राध्यक्ष लावायचे होते. एकशेबारा चौकटी.

दुकानाच्या मालकाला सगळे आठखिळे म्हणत. राजाच्या तसबिरीला मागून आठ खिळे ठोकायचे आणि वर जाड कागद चिकटवायचा, ही त्याच्या आजोबांपासूनची रीत. राजाची तसबीर एकदा लागली की तो मरेपर्यंत कोण उघडतंय?

"काका, मागची बाजू उघडती ठेवा हं," कारकून म्हणाला.

"का? देशाचा धनी म्हणजे काय भाडेकरू आहे?"

"भाडेकरूच. पाच वर्षांचा करार."

आठखिळ्यांना ही थट्टा वाटली. माणूस एकदा खुर्चीवर बसला की उठतो कशाला? त्यांनी एकशेबारा चौकटींना आठ-आठ खिळे ठोकले, कागद चिकटवला आणि माल पोचवला.

पाच वर्षांनी निवडणूक झाली. राष्ट्राध्यक्ष हरले, नव्या माणसाशी हात मिळवून घरी गेले. आणि एकशेबारा चौकटी हातगाड्यांवरून दुकानात परत आल्या. कारकून आता साहेब झाला होता. "काका, आठ दिवसांनी शपथविधी आहे. तोवर नवे फोटो बसले पाहिजेत. नाही जमलं तर सरकारी काम दुसऱ्या दुकानाला."

सरकारी काम गेलं तर दुकानात उरणार काय? लग्नाचे फोटो आणि आरसे. आठखिळ्यांचे हात तोवर थरथरायला लागले होते. त्यांनी पटाशी थोरल्याच्या हातात दिली. "आजपासून दुकान तुझं. माझ्या बापाने मला दिलं तसं."

थोरला मनाने सरळ, गिऱ्हाइकाशी बोलायला गोड, पण हात जड. पहिल्या सकाळी त्याने अकरा चौकटी उघडल्या आणि सात काचा फोडल्या. जेवणाच्या सुट्टीत धाकटी बहीण उठली. ती एरवी पॉलिशच्या कोपऱ्यात बसायची. तिने कागद ओल्या फडक्याने भिजवला, पातळ पातं खिळ्याच्या डोक्याखाली सरकवलं आणि संध्याकाळपर्यंत नऊ चौकटी उघडल्या. एकही काच तडकली नाही.

दोन कारागीर एकमेकांकडे बघत होते. शेवटी मोठा कारागीर बोलला, "मालक, राग मानू नका. हे काम कोणी चालवायचं, ते एकदा सगळ्यांना विचारा."

"माझ्या दुकानात लोकांचं राज्य आलं का?"

संध्याकाळचा चहा घेऊन आलेली बायको म्हणाली, "अहो, घरात तर केव्हाच आलंय. तुम्हालाच कोणी कळवलं नाही."

सगळे हसले. आठखिळेही हसले आणि हसल्यावर नाही म्हणणं जमेना. सरसाचा रिकामा डबा ठेवला. थोरला हवा असेल तर खिळा टाकायचा, धाकटी हवी असेल तर लाकडाचा तुकडा. सहा जण एकेक करून पडद्याआड जाऊन आले.

डबा बाकावर पालथा केला. पाच तुकडे, एक खिळा.

दोन्ही कारागिरांनी मान खाली घातली. बिचाऱ्या थोरल्याने निदान स्वतःला तरी मत दिलं, असं त्यांना वाटलं असणार. पण तो खिळा आठखिळ्यांनी टाकला होता. म्हणजे बाकी पाचही तुकडे धाकटीचे, आणि त्यातला एक थोरल्याचा. त्यांनी त्याला बाजूला घेतलं.

"तू तिला मत दिलंस?"

"हो."

"अरे, मग पाच वर्षं करवत हातात धरून काय करत होतास? आधी बोलायला काय झालं होतं?"

"बाबा, तुम्ही विचारलंत कधी? राजाच्या पोराला कोणी विचारतं का, बाळा, तुला राजा व्हायचंय का म्हणून?"

आठखिळे त्याच्या हातातली पटाशी घेऊन पॉलिशच्या कोपऱ्यात गेले आणि ती त्यांनी धाकटीसमोर ठेवली.

"पाच वर्षांसाठी," ती म्हणाली. "मग पुन्हा डबा ठेवायचा."

सातव्या दिवशी काम संपलं. धाकटीने पुठ्ठ्याच्या मागे लाकडाच्या फिरत्या पट्ट्या बसवल्या होत्या. बोटाने फिरवल्या की चौकट उघडते. थोरल्याने हातगाड्यांबरोबर जाऊन त्या कचेरीकचेरीत लावल्या, आणि येताना शाळांचं काम घेऊन आला.

पुढे घरात एक तसबीर लागायची वेळ आली, तेव्हा धाकटीने आईला विचारलं, "पट्ट्या लावू की खिळे?"

"खिळेच ठोक. आठ," आई म्हणाली. "ह्यांच्या जागी आता दुसरा कोण निवडून यायचाय?"

आठखिळे वारले ते थोरल्याची मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी, एका मंगळवारी सकाळी. राजा त्यांच्या आधी नऊ महिने वारला, परदेशात.