ट्रूडीचं औषधखातं

जॅलिन आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली तेव्हा सव्वीस वर्षांची होती, आणि तिचा आवाज ईरी तळ्याच्या पलीकडे थेट कॅनडात ऐकू जाईल असा होता. मीठ मागितलं तरी वाटायचं, कुठेतरी आग लागलीय. मी ट्रूडीला पहिल्याच दिवशी म्हटलं, "ही बया आठवडाभरात पळेल बघ." ट्रूडी नुसती हसली. जॅलिन काही पळाली नाही. वर्षभरात ट्रूडीच माझ्या बाजूने उठून तिच्या बाजूला गेली.

तोवर मी आणि ट्रूडी एकवीस वर्षं शेजारी शेजारी उभ्या होतो. मी भांडी धुण्याच्या यंत्रापाशी, ती बटाट्याच्या मोठ्या कढईपाशी. तिचा नवरा गेला तेव्हा तिच्या घरी सहा आठवडे मी झोपायला होते. माझा नवरा दुसरीबरोबर गेला तेव्हा तिने त्याचे बूट माझ्यादेखत बर्फात भिरकावले होते. मला दुसरी मैत्रीण नाही. कधी लागलीच नाही.

आता ट्रूडी जेवणाच्या सुट्टीत जॅलिनसमोर बसायची. मी काही गमतीचं बोलले तर मान डोलवायची आणि जॅलिनने तेच बोंबलून सांगितलं की खो खो हसायची. संध्याकाळी मी फोन केला तर उचलायची नाही. जॅलिनला मात्र दिवसभर निरोप पाठवत असायची. माझ्या जिवाचा नुसता तिळपापड व्हायचा. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी एका पोरीचा हेवा करावा याची लाजही वाटायची, पण लाजेने हेवा कमी होत नाही.

तरी एक गोष्ट फक्त आमच्या दोघींची होती, मार्चची फेरी.

आमच्या पगारातून, कर लागायच्या आधीच, आपण सांगू तेवढी रक्कम कापून वेगळी ठेवतात. ती औषधपाण्यावरच खर्च करायची. डॉक्टर, चष्मे, दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात त्या गोळ्या, पट्ट्या, मलमं, सगळं चालतं. कर वाचतो, पण वर्षअखेर जे उरेल ते बुडालं. आमचं शाळामंडळ तेवढं दयाळू, उरलेलं संपवायला पंधरा मार्चपर्यंत मुदत द्यायचं. म्हणून दर वर्षी मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारी काम आटोपलं की मी आणि ट्रूडी औषधाच्या दुकानात जायचो आणि लग्नाचा बस्ता बांधायला निघाल्यासारखी खरेदी करायचो. गुडघ्याचे पट्टे, शेकायच्या पिशव्या, खोकल्याच्या बाटल्या, उन्हाचं मलम. आमच्या ईरी गावात मार्चमध्येही बर्फ असतो, आणि आम्ही घेणार उन्हाचं मलम! एकदा ट्रूडी दंतमंजनावर अडून बसली. "दात काय शरीराबाहेर असतात का?" असं गल्ल्यावरच्या बाईला विचारत होती. दंतमंजन चालत नाही. तिने ते पदरचे पैसे टाकून घेतलं आणि वर्षभर कुरकुरली. खरेदी झाली की अग्निशामक दलाच्या सभागृहात जायचं. ईस्टरआधीच्या उपवासाचे शुक्रवार, मटण वर्ज्य पण मासा चालतो, म्हणून तिथे तळलेल्या माशाचं जेवण असतं. अख्खी वस्ती तिथे लोटते.

मंडळाची कागदपत्रं वाचायचं काम माझं. पाकीट आलं की ट्रूडी न उघडताच माझ्या हातात द्यायची. "बर्ने, वाच आणि दोन वाक्यांत सांग." बर्नडेट हे माझं पूर्ण नाव तिने आयुष्यात घेतलेलं नाही.

नोव्हेंबरमध्ये पाकिटं आली त्याच सकाळी ट्रूडी कोटाची बटणं लावत मला म्हणाली, "बर्ने, रागावू नकोस हं. या मार्चला मी जॅलिनबरोबर जाणार आहे."

"आपण तिघी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाही, मी आणि ती. एक वस्तू घ्यायचीय. तिला त्यातलं कळतं."

त्या वर्षी तिने नेहमीपेक्षा दुप्पट रक्कम कापून घेतली होती. कशाला म्हणून विचारलं तर "बघशील" म्हणाली होती. नऊशे ऐंशी डॉलर उरले होते आणि ते ती माझ्याबरोबर नाही, त्या भोंग्याबरोबर उडवणार होती. जूनमध्ये ट्रूडी निवृत्त होणार होती. म्हणजे ही शेवटची फेरी. नव्या वर्षासाठी तर तिने काही कापून घेतलंच नव्हतं.

दुपारी मी दोन्ही पाकिटं उघडली. चौथ्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की खातं आता नव्या कंपनीकडे गेलं आहे, मार्चची मुदत बंद, एकतीस डिसेंबरनंतर शिल्लक बुडेल.

"काय म्हणतायत?" ट्रूडीने कढईपासून ओरडून विचारलं.

मी खांदे उडवले. पाकिटाची घडी केली आणि कचऱ्यात टाकली. "नेहमीचंच," म्हणाले.

ठरवून केलं असं म्हणायला मला आवडणार नाही, पण ठरवूनच केलं. मनात म्हटलं, जा दोघी. मिरवत जा आणि हात हलवत परत या. मग ट्रूडीला कळेल की एकवीस वर्षं तिचे पैसे कुणी सांभाळले.

एकतीस डिसेंबरला मी एकटीच दुकानात गेले आणि माझे उरलेले एकशे साठ डॉलर संपवले. तापमापी घेतली, घरात दोन असताना. वाचायचे चष्मे घेतले, तीन. गल्ल्यावर माझ्यासारख्यांची शेवटच्या दिवसाची गर्दी होती, लोकांच्या टोपल्या पट्ट्यांनी आणि पित्ताच्या गोळ्यांनी ओसंडत होत्या. बाहेर गाडीत बसून मी फोन हातात घेतला. दुपारचे दोन वाजले होते. दुकान सहापर्यंत उघडं होतं आणि ट्रूडीचं घर दहा मिनिटांवर. तेवढ्यात फोनवर जॅलिनने टाकलेला फोटो दिसला. ट्रूडीच्या स्वयंपाकघरात दोघी पिठाने माखलेल्या, नव्या वर्षाच्या पिरोग्या, बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या, लाटताना. मला बोलावणंही नव्हतं. मी फोन पर्समध्ये टाकला आणि गाडी घरी घेतली.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. बर्फ साफ करताना, भांडी लावताना मला ते आठवायचं आणि मी म्हणायचे, आता उशीर झाला, आता सांगून काय फायदा. खरं तर मला मजाही येत होती. ते कबूल करायला हवं.

मार्चचा दुसरा शुक्रवार आला. दोघी जॅलिनच्या गाडीतून गेल्या. मी एकटी सभागृहात जाऊन बसले. मासा, कोबीची कोशिंबीर, बटाटे. शेजारच्या टेबलावर चर्चमधली मंडळी, पलीकडे पोरांचा गोंधळ, माइकवरून कुणीतरी सोडतीचे आकडे वाचत होतं. तेवढ्यात त्या दोघी आत आल्या. ट्रूडी रिकाम्या हाताने सरळ माझ्या टेबलापाशी आली आणि कोट काढून माझ्यासमोर बसली. तिचा चेहरा पडला होता.

"बर्ने, औषधखात्याचं कार्ड चाललंच नाही."

"कंपनीला फोन लावला आम्ही," जॅलिन गरजली. "बाई म्हणते, एकतीस डिसेंबरलाच पैसे गेले! मार्चची मुदत बंद केलीय म्हणे! नऊशे ऐंशी डॉलर!"

इतक्या महिन्यांनी तो क्षण आला होता. मला बरं वाटायला हवं होतं. मी विचारलं, "एवढं काय घ्यायचं होतं?"

"कानाची यंत्रं," जॅलिन म्हणाली. "हल्ली दुकानातच मिळतात, डॉक्टर लागत नाही. माझ्या बाबांकडे तसलीच आहेत, मीच ती त्यांच्या फोनला जोडून देते."

"कुणासाठी?"

ट्रूडी सगळा वेळ माझ्या ओठांकडे बघत होती. "माझ्यासाठी," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली, बर्ने. तुझं ते भांड्यांचं यंत्र चालू असलं की तू बोलतेस ते मला कळतच नाही, नुसतं तोंड हलताना दिसतं. फोनवर तर काहीच नाही. तुझा आवाज आधीच चिमणीएवढा. मी हसते, मान हलवते. ही बोंबलते म्हणून हिचं तरी कळतं, म्हणून हिच्यापाशी बसते."

"मला सांगायचं नाहीस?"

"लाज वाटली गं. तू म्हणाली असतीस, म्हातारी झाली. म्हटलं, यंत्रं घालूनच तुझ्यासमोर येऊ. जूनपर्यंत परत तुझ्या शेजारी उभं राहायचं होतं. एवढे पैसे पदरचे घालायला माझ्याकडे कुठे आहेत? म्हणून तर दुप्पट कापून घेतले."

मी काटा ताटात ठेवला. ट्रूडीने टेबलावरून हात पुढे केला आणि माझा हात थोपटला.

"तुझ्या नजरेतून सुटलं असणार. सगळी कागदपत्रं एकट्या तुझ्याच गळ्यात मारते ना मी. तुझेही बुडाले असतील. किती गेले गं?"

मान हलवली असती तर निभावून गेलं असतं. जॅलिनही माझ्याकडे कळवळून बघत होती. त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्यासाठी. ते मात्र मला सोसवेना.

"माझे नाही बुडाले," मी म्हणाले.

"काय?"

"मला ठाऊक होतं."

"मोठ्याने बोल गं, इथे किती कालवा आहे." ट्रूडीने कानामागे तळवा धरला. माझ्यासमोर पहिल्यांदाच, अगदी मोकळेपणाने. आता कळलंय म्हटल्यावर लपवायचं काय, असं तिचं तोंड होतं.

मी उभी राहिले. आयुष्यात कधी ओरडले नव्हते तेवढ्या जोराने ओरडले, "मला ठाऊक होतं, ट्रूडे! नोव्हेंबरपासून! तुला मुद्दाम सांगितलं नाही!"

माइकवरचे आकडे थांबले. ताटं घेऊन चाललेला माणूस जागीच उभा राहिला. शेजारच्या टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघत होते.

ट्रूडीने हळूच तळवा खाली घेतला. माझ्या ओठांवरची तिची नजर ताटावर गेली, मग जॅलिनकडे.

"माझा कोट दे," ती म्हणाली.

जॅलिनने तिच्या खांद्यांवर कोट घातला. दोघी टेबलांच्या मधून दाराकडे निघाल्या. मला अजून खूप बोलायचं होतं. त्या फोटोचं सांगायचं होतं, एकतीस डिसेंबरला हातात धरलेल्या फोनचं सांगायचं होतं. पण ट्रूडीची पाठ माझ्याकडे होती, आणि पाठीमागून काही बोललेलं तिला ऐकू जात नाही, हे आता मला कळलं होतं.