मंचाकडे पाठ केलेली शिडी

मी एक जुनी, तीन पायऱ्यांची घडीची शिडी आहे. हसू नका मित्रांनो! मोठमोठे पुढारी मी इतक्या जवळून पाहिले आहेत, की कुणाला किती टक्कल पडलंय ते मला विचारा.

माझी मालकीण एका वर्तमानपत्राची छायाचित्रकार. सगळे तिला ताई म्हणत. समारंभ कुठलाही असो, आम्हा शिड्यांना सकाळीच नेऊन मंचासमोर जागा धरायला उभं करत. ताईची जागा कायम पुढची, त्यामुळे माझी ऐट काही विचारू नका.

पुढे दिवस फिरले. ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आला. बातमीदारच फोटो काढू लागले आणि ताईचे सोबती एकेक करून घरी बसले. ती एकटीच उरली. नव्या पुलाच्या उद्घाटनाला निघताना संपादकसाहेबांनी तिला बजावलं, की फीत कापतानाचा फोटो चुकला तर उद्यापासून येऊ नकोस.

मंचावर कात्री उचलली गेली. तेवढ्यात ताईचं लक्ष मागे गेलं. ज्यांनी पूल जोडला ते वेल्डर दोरीपलीकडे अडवलेले होते आणि टाचा उंचावून आपलाच पूल बघत होते. ताईनं मला उचललं आणि मंचाकडे पाठ करून मांडलं. मी तर गारच पडले. घाईत माझा एक पाय मातीत रुतला आणि मी लटपटू लागले. तोच एक उंच वेल्डर दोरीखालून धावत आला. गुडघे टेकून त्यानं मला घट्ट धरलं. वर ताई फोटो काढत राहिली. मागे टाळ्या वाजल्या, फीत कापून झालीसुद्धा.

ऑफिसात ताईनं खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. साहेबांनी तिच्या कॅमेऱ्यातले वेल्डरांचे चेहरे एकेक करून पाहिले.

"फीत दहा जणांनी मोबाईलवर पाठवलीय," ते म्हणाले. "हे मात्र कुणीच पाठवलं नाही."

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर वेल्डर झळकले, नावांसकट. ताईची नोकरी टिकली.

मग तो उंच वेल्डर अंक घेऊन ऑफिसात आला. सोबत त्याची आई होती. त्याला बघून ताईचा चेहरा उतरला, कारण फोटोत सगळे होते, तोच नव्हता. मला सावरण्यात त्याचा फोटो राहून गेला होता. ताईला फार वाईट वाटलं. आत्ता तुझा एकट्याचा काढते, असं ती म्हणाली, पण त्यानं हसून नको म्हटलं आणि आईपुढे पान उलगडलं.

"आई, हा फोटो हलला नाही ना, तो माझ्यामुळं."

आईनं आधी फोटोवरून हात फिरवला, मग त्यानं कोपऱ्यात दाखवलेल्या माझ्या पायावरून.

मित्रांनो, माझ्या जन्माचं सोनं झालं ते त्या हातानं. आता माझ्या पायऱ्या झिजल्यात. मला अडगळीत फेकू नका, फडक्यानं पुसून कोरड्या जागी ठेवा. आणि एखादा फोटो फार आवडला, तर एवढं जरूर विचारा, की खाली शिडी कुणी धरली होती.